चौथं पान

माझा दादा शिंपी आहे आणि त्याला एका जागी बसता येत नाही. एक बाही लावून झाली की तो मशीनवरून उठतो, दाराकडे जातो, वळतो, कपाटाकडे येतो, पुन्हा वळतो. दुकानाची लांबी बारा पावलं आहे, पण तो आठव्यालाच वळतो. गिऱ्हाईक बसलेलं असलं तर मी सांगते, "त्याची कंबर धरते हो." कंबरेला काय धाड भरलीय! सात वर्षं आठ पावलांच्या जागेत चालून पायांना ती सवय लागली आहे, आणि माझ्या ओरडण्याला त्या सवयीनं आजवर भीक घातलेली नाही.

हो, दादा सात वर्षं तुरुंगात होता. त्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. गल्लीला माहीत आहे, गिऱ्हाइकांना माहीत आहे. जिन्यावरच्या भांडणात त्यानं एका माणसाला ढकललं, तो माणूस खाली पडला आणि पुन्हा उठला नाही. दादा पळाला नाही, की नाही म्हणाला नाही. शिवणकाम तो आतच शिकला. बाहेर आला तेव्हा कैद्यांचे सदरे डोळे मिटून शिवायचा, पण एखाद्या बाईचं माप घ्यायला सांगितलं की याचेच कान लाल. म्हणून माप आणि कापणं माझ्याकडे, शिवणं त्याच्याकडे, आणि काजं-बटणं कोणी करायची यावर रोज भांडण. आम्ही दोघंच आहोत घरात. भांडायलाही तेवढीच माणसं.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या इस्पितळातून त्याला पत्र आलं. तिथे एक समिती असते. माणसांवर नव्या औषधाची चाचणी करायची तर आधी तिची परवानगी लागते. चाचणी कैद्यांवर करायची असेल तर समितीत एक तरी माणूस आत राहून आलेला हवा, असा त्यांचा नियम. कुठून कुठून विचारत त्यांनी दादाला शोधून काढलं. मी म्हणाले, "बघ, तुझ्या शिक्षणाची कदर करणारं कोणीतरी भेटलं शेवटी." तेव्हापासून महिन्यातून एकदा तो इस्त्रीचा सदरा घालून जातो, जाडजूड गठ्ठे वाचतो, चहा पितो आणि सगळ्यांच्या शेवटी सही करतो. तिथे त्यानं कधी तोंड उघडल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

आणि एक गवंडी आहे. दादाचा एकुलता एक मित्र. दोघं एकाच बराकीत होते, सुटलेही दोन-चार महिन्यांच्या अंतरानं. गेली पाच वर्षं तो दर रविवारी दुपारी दुकानात येतो, मशीनशेजारच्या बाकावर बसतो आणि गावभरच्या भिंतींना नावं ठेवतो. कोणी कुठे ओळंबा न लावता वीट चढवली, कोणाची पायरी वर्षभरात उखडणार, सगळं त्याला पाठ. उजव्या कानानं त्याला काही ऐकू येत नाही. म्हणून ते बाक असं ठेवलंय, की बसल्यावर त्याचा डावा कान दादाकडे यावा. एकदा झाडताना मी बाक फिरवलं, तर दादानं मशीन थांबवून, उठून, ते पुन्हा होतं तसं लावलं. गवंड्याचा तोलही जातो अधूनमधून, त्यामुळे उंचावरची कामं त्यानं सोडली. आता कंपाऊंडच्या भिंती, ओटे, असली जमिनीवरचीच कामं घेतो. मी समजत होते, वय झालं.

तर त्या मंगळवारी पोस्टानं नवा गठ्ठा आला. शनिवारी बैठक होती. दादानं वाचायला घेतला, आठ-दहा पानं वाचली आणि उठला. मग जे चालणं सुरू झालं ते थांबेचना. त्या दिवशी त्यानं एका सदऱ्याच्या डाव्या खांद्याला उजवी बाही लावली. मी उसवून दिली. त्यानं पुन्हा तीच लावली. बुधवारी काजं दोन्ही पट्ट्यांवर पाडून ठेवली, म्हणजे बटणं काय आता माझ्या डोक्यावर लावायची? मी एरवी शब्दाला शब्द वाढवणारी बाई, पण त्याचा चेहरा बघितला आणि मुकाट्यानं नवी पट्टी कापली. जेवताना ताटावरून दोनदा उठला. मलाही मग घास गोड लागेना. घरात एक माणूस सारखं येरझारा घालायला लागलं की दुसऱ्याचेही पाय बसल्या जागी हलतात.

गुरुवारी माझा संयम संपला. दुपारी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि त्याच्या मशीनच्या स्टुलावर मीच जाऊन बसले.

"काय झालंय ते सांग. नाहीतर हा गठ्ठा मी चिंध्यांच्या पोत्यात टाकते."

"काही नाही गं."

"काही नाही म्हणून दोन-दोन उजव्या बाह्या?"

त्यानं गठ्ठा उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्यापुढे धरला. खरजेच्या मलमाची चाचणी होती, दादा होता त्याच तुरुंगात. भाग घेणाऱ्याला आठवड्याला एक जादा फोन. आणि त्याच्या बोटाखाली लिहिलं होतं, की ज्यांना वाचता येत नाही त्यांना संमतीचा कागद बराकीतलाच एखादा साक्षर कैदी वाचून दाखवील.

"मग? बरंच आहे की," मी म्हणाले. "त्यांच्यातलाच माणूस. डॉक्टरांपेक्षा त्याचं बोलणं लवकर कळेल."

"आमच्या वेळी वाचणारा मी होतो," दादा म्हणाला.

आणि मग तो बोलला. आठ पावलं तिकडे, आठ इकडे, चालत चालतच बोलला.

त्याचं आतलं चौथं वर्ष होतं. छातीचा आजार बराकीत पसरला होता. दादाला होता, गवंड्यालाही होता. बाहेरून डॉक्टर आले. नवी इंजेक्शनं आहेत म्हणाले, चाळीस माणसं हवीत. सही करील त्याला दवाखान्याच्या इमारतीत हलवणार. तिथे खाट, मोठी खिडकी, आणि दर रविवारी घरी एक फोन. कागद पाच पानांचा. निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं. दादा सगळ्यांची पत्रं वाचून दाखवायचा, म्हणून जेलरनं कागद त्याच्याच हातात दिला.

"सगळे भोवती बसले," दादा म्हणाला. "तीन पानं वाचली मी. नीट वाचली, समजावून वाचली. तेवढ्यात मोजणीची घंटा झाली. मोजणीला उशीर झाला की अख्ख्या बराकीची संध्याकाळची मोकळी वेळ जाते. दारात शिपाई किल्ल्या वाजवत उभा. मी चौथं पान उलटून टाकलं आणि पाचवं घेतलं. इथे सही, इथे अंगठा. दोन मिनिटांत उरकलं."

"अरे, घंटा झाली त्यात तुझा काय दोष?"

"तेवढंच असतं तर मी असा चाललो असतो का?"

चौथं पान त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं, नव्या खाटेवर, त्या मोठ्या खिडकीशी बसून. त्यावर लिहिलं होतं, की या औषधानं काही जणांच्या कानावर परिणाम होतो. कानात आवाज येऊ लागला तर लगेच सांगावं, इंजेक्शन थांबवता येईल. आणि पुढे होतं, की चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येईल, त्यामुळे उपचार बंद होणार नाहीत, नेहमीचं औषध मिळत राहील आणि माफीचा एक दिवसही कापला जाणार नाही. माफी म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेतले दिवस कमी होतात ते. आतल्या माणसाला जिवापेक्षा प्यारे असतात म्हणे ते दिवस.

"मग तू सगळ्यांना बोलावून ते पान वाचलंस," मी म्हणाले. मला ठाऊक होतं तसं झालेलं नाही. तरी म्हणाले.

"शिपाई म्हणाला होता, चाळीसची पस्तीस झाली तरी सगळं गुंडाळणार, सगळे परत बराकीत." दादा कपाटापाशी थांबला. "मी ते पान घडी घालून तू पाठवलेल्या बंडीच्या अस्तरात शिवून टाकलं."

ती बंडी त्याच्या डोक्यावर, खुंटीला लटकत होती. विटलेली, काखेत फाटलेली. टाकून दे म्हणून मी त्याचं डोकं खाऊन दमले होते.

"दोन महिन्यांनी गवंडी म्हणाला, कानात रातकिडे ओरडतायत. मी म्हणालो, औषध लागू पडतंय, धीर धर. परत एकदा म्हणाला, सोडून देऊ का रे? मी म्हणालो, सोडलंस तर माफी कापतील."

"तुला माहीत होतं नाही कापणार."

"माहीत होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तोंडाला येईल ते बोलले मी त्याला. आणि बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. रविवारचे ते फोन मीच घेत होते. सकाळपासून पदर खोचून फोनपाशी बसायची. दहा मिनिटं मिळायची, त्यातली दोन मी रडण्यात घालवायची. गल्लीभर सांगत फिरले होते, की माझ्या भावाला आत बढती मिळाली, आता दर रविवारी बोलतो. तेव्हा इतका आनंद झाला होता मला, आणि आता त्या रिकाम्या बाकाकडे बघवेना.

"गवंड्याला सांगितलंस कधी?" मी विचारलं.

"नाही."

"पाच वर्षं दर रविवारी इथे येऊन बसतोय तो."

"म्हणूनच नाही सांगितलं," दादा म्हणाला.

शनिवारी मी बरोबर गेले. त्याचे पाय त्याला त्या खोलीपर्यंत नेतील याची मला खात्री नव्हती. बैठक गुप्त असते म्हणे, पण उकाडा असा होता की त्यांनी दार सताड उघडं ठेवलेलं, आणि मी व्हरांड्यातल्या खुर्चीवर. कानात बोळे घालून बसायला मला कोणी सांगितलं नव्हतं. लांब टेबल, टेबलावर कपबश्या, टोकाला अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी वकील. चाचणी करणारा डॉक्टर तरुण होता, हसतमुख, मला तर आवडला. त्यानं चटचट सगळं समजावून सांगितलं. माना डोलल्या. सह्यांचा कागद फिरायला लागला आणि दादापाशी येऊन थांबला.

"मी सही नाही करत," दादा म्हणाला. आवाज असा फुटला की मलाच घाम आला.

डॉक्टर नवलानं बघत राहिला. "साधं मलम आहे हो. आत दहातली चार माणसं खाजवून खाजवून रक्त काढतायत. त्यांच्यासाठीच तर करतोय."

"मलमाबद्दल माझं काही म्हणणं नाही. वाचणारा बाहेरचा हवा. ज्याला तिथे राहायचं नाही, असा. आणि मोजणीच्या वेळेला नाही वाचायचं. शिपाई दारात नको." दादा थांबला, रुमालानं तोंड पुसलं. "सोडून जाता येतं ते पान सगळ्यांत आधी वाचा. एकदा वाचून भागत नाही, दर आठवड्याला जाऊन विचारा, सोडायचंय का. आणि तो फोन... तो सगळ्यांना द्या, नाहीतर कोणालाच देऊ नका. फोनसाठी माणूस विष पिईल तिथे."

"जरा राईचा पर्वत होतोय असं नाही वाटत?" वकील म्हणाला. "कैदी कैद्याला कशाला फसवील?"

दादा उठून उभा राहिला. मला वाटलं चालायला लागतो की काय. पण खुर्चीची पाठ धरून तो तिथेच उभा राहिला आणि गुरुवारी मला सांगितलं ते सगळं त्यानं सांगितलं. चौथं पान, खिडकी, बंडी, रातकिडे. मधे कोणीतरी कपात चमचा फिरवत होतं, ते थांबलं.

"हे इतिवृत्तात घ्यायचं का?" वकिलानं विचारलं.

"घ्या," दादा म्हणाला.

अध्यक्षबाईंनी कागद बदल करून पुन्हा आणायला सांगितला. डॉक्टरचं हसू मावळलं होतं. "म्हणजे तीन महिने गेले," तो दादाला म्हणाला. "ते तीन महिने खाजवणार कोण? तुम्ही नाही." त्याचं खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. आत या घटकेला कोणीतरी नखांनी पाठ ओरबाडत असेल, आणि त्यात आमचा हात आहे, हे आजही मला स्वस्थ बसू देत नाही.

निघताना अध्यक्षबाई दादाला हळूच म्हणाल्या, "तुमच्या त्या मित्राला हे माहीत आहे?"

दादानं नाही म्हणून मान हलवली.

"आम्हाला सांगण्याआधी त्यांना सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दादानं बंडी खुंटीवरून काढली आणि अस्तराचे टाके उसवले. कागद पिवळा पडला होता, घड्यांवर फाटायला आलेला, पण अक्षरं शाबूत होती. गवंडी त्या रविवारी यायचा नव्हता. एका शाळेच्या कंपाऊंडचं काम त्याला सुट्टीच्या दिवशीच उरकायचं होतं. आम्हीच तिकडे गेलो. "तू कशाला येतेस?" दादानं विचारलं. "रस्त्यात आठव्या पावलावर वळलास तर धरायला," मी म्हणाले.

गवंडी भिंतीशी उकिडवा बसून थापीनं सिमेंटचा माल लावत होता. आम्हाला बघून खूष झाला. "या या, तपासणीला आलात?" मग पुन्हा कामाला लागला, कारण माल वाळत होता. दादा त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि भिंतीकडे बघत बोलायला लागला. सगळं सांगितलं त्यानं, एका दमात, काही गाळलं नाही. गवंडी वीट ठेवायचा, थापीच्या दांड्यानं ठोकायचा, दुसरी उचलायचा. त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस आहे हा.

मग माझ्या लक्षात आलं. दादा त्याच्या उजव्या बाजूला उभा होता.

ज्या माणसानं पाच वर्षं ते बाक तसूभर हलू दिलं नाही, त्याला बाजू कळत नव्हती असं मी म्हणणार नाही. चुकून झालं असं तो अजून म्हणतो. मी पुढे झाले, त्याचा दंड धरला, गवंड्याच्या पाठीमागून वळसा घालून त्याला पलीकडे नेलं आणि गवंड्याच्या डाव्या कानाशी उभा केला.

"आता बोल," मी म्हणाले. "पहिल्यापासून."

दुसऱ्यांदा बोलताना त्याला फार वेळ लागला. अर्ध्यावर गवंड्यानं थापी घमेल्यात ठेवली. संपल्यावर तो हाताचं सिमेंट खरवडायला लागला.

"कानाचं लिहिलं होतं त्यात?"

"हो."

"आणि माफी कापणार नाहीत, तेही?"

"हो."

"वाच," गवंडी म्हणाला.

दादानं खिशातून पान काढलं आणि वाचलं. त्यानं एकही ओळ सोडली नाही. वाचून झाल्यावर गवंडी म्हणाला, "परत." दादानं परत वाचलं. मग गवंड्यानं हात पुढे केला. दादानं पान दिलं. गवंड्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. त्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.

"हा कागद माझा होता," तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळून, "ताई, याला घरी घेऊन जा. माझा माल वाळतोय."

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दादा सकाळी बाक पुसायचा आणि दुपारभर दार ते कपाट, कपाट ते दार. मी एकदा म्हणाले, जाऊन बघून येऊ का. नको म्हणाला.

तिसऱ्या रविवारी आम्ही दुकान बंद करायच्या बेतात होतो तेव्हा गवंडी आला. सरळ बाकापाशी गेला, ते दोन्ही हातांनी उचललं, फिरवलं आणि बसला. आता त्याचा बहिरा कान दादाकडे होता, चांगला माझ्याकडे. शाळेची भिंत झाली, म्हणाला. मुख्याध्यापकांनी तिला कसला भडक रंग दिलाय ते सांगितलं. सगळं मलाच. दादा मशीनवर बसला होता. त्या तासाभरात तो एकदाही उठला नाही. मान खाली घालून हळू आवाजात काहीतरी बोलत होता, आणि मशीनच्या आवाजात ते मलाही नीट ऐकू येत नव्हतं.

मला राहवेना. बाक सरळ करावं म्हणून मी उठले, तसा गवंड्यानं हात वर केला.

"राहू दे ताई," तो म्हणाला. "आज इकडूनच बसतो."